नाही म्हणण्याची सोय

मुंबई महापालिकेने २०२५ साली माहुलची ९,०९८ घरं आपल्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत १२ लाख ६० हजार. चेंबूरच्या पलीकडे, मुंबईच्या हद्दीत, एवढ्या पैशात घर म्हटल्यावर उड्या पडायला हव्या होत्या. अर्ज मात्र इतके थोडे आले की मुदत वाढवावी लागली. ज्यांचा पगारच महापालिकेतून निघतो त्यांनी महापालिकेचं घर नको म्हटलं. त्यांना ते म्हणता आलं, कारण या वेळी कुणीतरी विचारलं होतं.

याच वसाहतीत २०१७ नंतर जी कुटुंबं आली, त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. सरकारी सक्ती म्हणजे काय आणि तिच्या जागी लोकांचं आपखुशीचं सहकार्य येऊ शकतं का, हा या पुस्तकाचा विषय. तो मांडताना एकदम टॉलस्टॉय आणि गांधींपासून सुरुवात करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला माहुलपासून सुरुवात करणं बरं वाटतं. तिथे सक्ती दिसते, सहकार्यही दिसतं, आणि सहकार्याच्या नावाने होणारी फसवणूकसुद्धा दिसते.

माहुल मुळात खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. खाडीत डोल नावाचं जाळं लावायचं तर आधी खुंट गाडावे लागतात. ते एका होडीचं काम नव्हे. भरतीओहोटीची वेळ साधून चार घरची माणसं लागतात. कुणाची डोल कुठे लागेल हे गाव ठरवतं आणि मासळीचे वाटे होडीवरच पडतात. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, खलाशांचा वेगळा. यासाठी कधी सरकारी माणूस लागला नाही. १९५० च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले. आज आपण त्यांना हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणतो. मग टाटांचं वीजकेंद्र आलं, खताचा कारखाना आला, रसायनांच्या टाक्या आल्या. गाव होतं तिथेच राहिलं, पण भोवतालच्या जमिनीचं, पाण्याचं आणि हवेचं काय करायचं ते ठरवणारे बदलले.

दुसऱ्या टोकाला तानसाची जलवाहिनी. १८९२ पासून तानसा तलावाचं पाणी या शहराला मिळतं, आणि मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार अशा भागांतून जाणाऱ्या मोठाल्या पाइपांच्या कडेने वस्त्या वाढत गेल्या. पाइपांच्या दोन्ही अंगांना दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने २००९ साली दिला. पाण्याच्या सुरक्षिततेचं कारण खोटं नव्हतं. पुढे त्याच मोकळ्या पट्ट्यात मुलुंड ते सायन ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करायची महापालिकेची योजना आली, तेव्हा पाडापाडीला वेगळीच धार आली. पात्र झोपडीधारकांना पर्यायी घर मिळणार होतं, पण ते माहुललाच. नको असेल तर रस्ता मोकळा होता, म्हणजे शब्दशः रस्ता.

माहुलची ही वसाहत प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेली: ७२ इमारती, १७ हजारांहून अधिक घरं, खिडकीतून दिसणाऱ्या तेलाच्या टाक्या. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये या परिसरात पाहणी केली होती. ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. डोळ्यांची जळजळ आणि छाती कोंडल्यासारखी वाटणं याचं प्रमाण त्याहून मोठं होतं. माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने इथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. तारखांकडे लक्ष द्या. लवादाच्या निर्णयानंतर दीड वर्षाने महापालिकेने पाइपलाइनवरची हजारो कुटुंबं त्याच हवेत नेऊन ठेवली. साडेपाच हजार कुटुंबांचा आकडा त्या काळात सतत बातम्यांत येत होता. मुलांच्या शाळा मागे घाटकोपर-विद्याविहारला राहिल्या, बायकांची धुण्याभांड्यांची कामंही तिकडेच राहिली.

ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की, या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या. अंमलबजावणी झाली नाही. तेव्हा २८ ऑक्टोबर २०१८ रोजी माहुलचे रहिवासी विद्याविहारला, जिथून त्यांना उठवलं होतं त्याच पाइपलाइनजवळच्या फूटपाथवर येऊन बसले. 'जीवन बचाओ आंदोलन' हे नाव त्यांनी घेतलं; 'घर बचाओ घर बनाओ आंदोलन' सोबत होतं. दिवाळी गेली, पावसाळा गेला, वर्ष उलटत आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने भाड्याच्या १५ हजारांत ४५ हजारांच्या अनामत रकमेची भर घातली.

त्या फूटपाथवर जे चाललं होतं त्याला परस्परसाह्य हेच नाव आहे. ताडपत्री, पाणी, स्वयंपाक, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, पोलीस आले की कोण बोलणार, कोर्टाच्या तारखेला कोण जाणार, हे सगळं लोकांनी वाटून घेतलेलं. तिथलं पुढारीपण मुख्यतः बायकांकडे होतं. बाहेरच्या माणसाला हे बघून भरून येतं आणि इथेच गोची आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बिस्किटं वाटली. त्यानंतर 'मुंबई स्पिरिट'चं इतकं कौतुक झालं की मिठी नदीचं काय झालं हा प्रश्न विचारणारा रसभंग करणारा ठरला. माहुलच्या बाबतीतही तसंच. शेजारधर्माने माणसं जगली, हे खरं. पण त्यांना त्या अवस्थेत ढकलणाऱ्यांच्या खात्यावर तो शेजारधर्म जमा होता कामा नये. सरकारने हात वर करायचे आणि लोकांनी एकमेकांना सावरायचं, ही सक्तीच्या जागी आलेली व्यवस्था नव्हे. ती सक्तीचीच स्वस्त आवृत्ती आहे.

मग खरी व्यवस्था कशी ओळखायची? माझ्यापुरती खूण साधी आहे. ज्याच्या सहकार्यावर काम चालतं त्याला नाही म्हणायची सोय आहे का, आणि त्याने नाही म्हटल्यावर काम खरोखर अडतं का? ही सोय नसेल तर होकाराला काही किंमत नाही, मग त्यावर हजार सह्या असोत.

तात्त्विक परंपरा मोठी आहे. इथे धावती ओळख पुरे. रशियन सरदारघराण्यात जन्मलेल्या क्रोपोत्किनने 'म्युच्युअल एड' हे पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध केलं. जगण्याच्या झगड्यात केवळ लढणारे टिकतात, हा डार्विनचा सोयीस्कर अर्थ त्याला मान्य नव्हता. सायबेरियातले प्राणी, मध्ययुगीन शहरांतले कारागिरांचे संघ, मजुरांच्या संघटना अशी उदाहरणं गोळा करत त्याने दाखवलं की एकमेकांना धरून राहणं हीही टिकण्याचीच रीत आहे. गांधींचं 'हिंद स्वराज' १९०९ चं. विनोबांनी पुढे दंडशक्ती आणि लोकशक्ती असा भेद केला. त्यांच्या मांडणीत दंडशक्ती हिंसेइतकी वाईट नाही, कारण लोकांनीच ती राज्याकडे सोपवलेली असते. पण तिच्यावर विसंबून राहिलेला समाज स्वतःचं काही करू शकत नाही, म्हणून तिसरी, म्हणजे लोकशक्ती उभी करायची. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीत शंभर एकरांचं पहिलं दान मिळालं आणि भूदान सुरू झालं. लाखो एकर जमीन केवळ मागून मिळाली, ही गोष्ट जगाच्या इतिहासात वेगळी आहे. त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही त्याच इतिहासात आहे. देणाऱ्याला नाही म्हणता येत होतं. घेणाऱ्या भूमिहीनाच्या हातात मात्र काही नव्हतं, अशी माझी समजूत आहे.

आता माहुलच्या शेजारचीच दुसरी गोष्ट सांगतो. तिच्यावर या प्रस्तावनेत जरा थांबायचं आहे.

ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राजवळ जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती होती. आणीबाणीत, १९७६ साली, ती पाडून लोकांना चीता कॅम्पला नेण्यात आलं. तिथले कार्यकर्ते जॉकिन अर्पुथम हे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून मुंबईत आलेले. त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे: पालिका वस्तीतला कचरा उचलत नाही म्हणून त्यांनी पोरांना सहलीला नेलं, प्रत्येकाच्या हातात कचऱ्याचं पुडकं दिलं आणि सगळा ढीग पालिकेच्या कार्यालयापुढे नेऊन ओतला. नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन त्यांनी उभं केलं. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'स्पार्क' ही संस्था १९८४ ची, आणि भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांची 'महिला मिलन' १९८६ ची. या तिन्ही संघटनांनी मिळून पुढची कामं केली.

महिला मिलनची बचत कशी चाले ते पाहण्यासारखं आहे. बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून घरटी एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात रंगीत कागदाचे चौकोन. एकेका रंगाची किंमत ठरलेली. रोज एक बाई गल्लीतून फिरायची, कुणी दोन रुपये द्यायचं, कुणी पाच, कुणी 'आज नाही' म्हणायचं. त्या हिशेबाने पिशवीत चौकोन पडायचे. रक्कम किरकोळ होती, पण रोज दारात जाण्याने कुणाच्या घरात काय चाललंय ते कळायचं, आणि कर्ज द्यायची वेळ आली की कागदपत्रं मागायची गरज पडत नसे. घर कसं हवं याचा विचार सुरू झाला तेव्हा याच बायकांनी अंगावरच्या साडीने मापं घेतली. साडीची लांबी ठाऊक, तिच्या घड्या घालून भिंत किती, दार किती ते ठरायचं. पोटमाळा काढता यावा म्हणून चौदा फूट उंचीचं घर त्यांनी मागितलं. कापड आणि बांबू वापरून घराचा खऱ्या आकाराचा नमुना उभा केला आणि लोकांना आत फिरवून विचारलं, चालेल का?

ही सवय कामी आली ती रेल्वेच्या कडेला. रुळांना लागून हजारो झोपड्या होत्या, त्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागे आणि नव्या मार्गिका टाकता येत नव्हत्या. रेल्वेच्या कडेच्या झोपडीवासीयांच्या संघटनेने आपल्या झोपड्या आपणच मोजल्या, क्रमांक टाकले, नकाशे केले. सरकारी गणना आली की तिच्याशी ताडून पाहायची, शेजाऱ्यांसमोर. त्यामुळे खोटं नाव घुसवणं अवघड झालं. १९९८ मध्ये कुर्ला-ठाणे पट्ट्यातली सुमारे ९०० कुटुंबं कांजूरमार्गला गेली. त्यांनी आपल्या झोपड्या आपल्या हाताने उतरवल्या. पोलीस बोलवावे लागले नाहीत. २००० च्या सुरुवातीला हार्बर मार्गावर रेल्वेने अचानक बुलडोझर घातला आणि सुमारे दोन हजार झोपड्या पाडल्या. संघटना आणि राज्य सरकारने धावपळ करून ते थांबवलं. त्यानंतरच्या वर्षभरात सुमारे ६० हजार माणसं रुळांच्या कडेवरून हलली, आणि तीही बळजबरीविना. रेल्वेला जागा मिळाली, गाड्या वेगाने धावू लागल्या. सक्तीशिवाय शहरातली मोठी कामं होतच नाहीत, हे विधान इथे खोटं ठरलं.

गोष्ट इथेच संपली असती तर फार सोयीचं झालं असतं. ही कुटुंबं आणि नंतर रस्ते-रेल्वेच्या कामांत हललेली कुटुंबं ज्या वसाहतींत गेली, त्यांत माहुलच्या अलीकडचा वाशी नाका आहे, मानखुर्दचं लल्लुभाई कंपाउंड आहे, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आहे. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांना ऊन मिळत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या अभ्यासात या रचनेचा आणि क्षयरोगाचा संबंध पुढे आला, ते साल २०१८. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या दुकानदारांनी तर तक्रार थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे नेली आणि २००६ च्या मार्चमध्ये बँकेने या प्रकल्पातला रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी काही महिने रोखला. म्हणजे हलायचं की नाही यात लोकांचा हात होता. कुठे आणि कशा घरात, यात तितका नव्हता. चौदा फुटांचं घर मागणाऱ्या बायकांच्या बहिणींना शेवटी २२५ चौरस फुटांची साचेबंद खोली मिळाली. एका पायरीवर नकार शक्य, दुसऱ्या पायरीवर नाही, असं अर्धवट सहकार्य. संघटनांवर 'सरकारचं काम तुम्ही स्वस्तात करून देता' अशी टीका झाली, ती पूर्णपणे अन्यायाची नव्हती. तरीही माहुल आणि कांजूरमार्ग यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

महाराष्ट्रात सहकार्य म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे साखर कारखाना येणार, त्याला इलाज नाही. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी उभा केला, हे आपलं मोठं काम. पण १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने निबंधकाला इतके अधिकार दिले की मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवणं ही सरकारच्या हातची गोष्ट झाली. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना निबंधकाच्या पत्राचा दरारा सांगायला नको.

याच्या उलट टोकाला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे माणसं दुर्लक्ष करतात. सरकार नको असं गाव म्हणतच नाही. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, म्हणजे एका माणसाच्या नकारानेही विषय थांबतो. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, २०१३ मध्ये गावाने ग्रामदान स्वीकारलं. मुंबईच्या वस्तीत असं होईल का, असं विचारणाऱ्याला मी सांगेन की जंगलाऐवजी तिथे पाणी, संडास आणि जमिनीचा पट्टा आहे, आणि हक्क कागदावर आल्याशिवाय गाव असो की चाळ, लोक फार काळ एकत्र बसत नाहीत.

विरोधी बाजूचा सर्वांत कठीण मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि या विषयावर लिहिणारे तो टाळतात. गावकी आणि जातपंचायत याही सरकारविना चालणाऱ्याच व्यवस्था. आंतरजातीय लग्न केलं, निवडणुकीत गावाचं ऐकलं नाही म्हणून कोकणात आणि इतरत्र कुटुंबांना वाळीत टाकलं गेलं. दुकानदार माल देत नाही, मयताला कुणी येत नाही. या लोकांनी दाद कुठे मागितली? पोलीस ठाण्यात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि वाळीत पडलेल्या माणसाला त्या कायद्यातली शिक्षेची धमकीच आधार वाटली. माहुलच्या हवेचंही तेच. रसायनांच्या टाक्यांमधून बाहेर पडणाऱ्या वाफांना शेजारधर्म थांबवू शकत नव्हता. हरित लवादाने २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींचा दंड सुनावला, ती सक्तीच होती. तेव्हा सगळी सक्ती नाहीशी करा, असं मी म्हणणार नाही. बलवानावरची सक्ती आणि दुबळ्यावरची सक्ती यांचा एकाच दमात धिक्कार करणं सोपं आहे, आणि त्यात पहिली मात्र नेहमी सुटते. क्रोपोत्किनच्या चाहत्यांना हे आवडणार नाही. त्यांनी वाळीत पडलेल्या घरी एकदा चहा प्यावा.

उरतो तो व्यवहाराचा भाग, आणि पुढची पानं वाचताना तो मनात असावा. आपल्या कायद्यांत संमती मोजण्याची पद्धत आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के जमीनधारकांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्क्यांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पूर्वी ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागे, ती खाली आणून ५१ टक्के केली. बिल्डरला जागा हवी असेल तेव्हा निदान डोकी मोजली जातात, मग ती कशी मोजतात हा वेगळा विषय. पण पालिकेला पाइपलाइन, नाला किंवा रस्ता मोकळा करायचा असेल तेव्हा प्रकल्पग्रस्त होणाऱ्याच्या संमतीला टक्केवारीच नाही. पात्र की अपात्र एवढंच ठरतं आणि मग घराची चावी किंवा बुलडोझर. कांजूरमार्गला लोकांनी जे करून दाखवलं ते नियमात बसवायचं तर तीन गोष्टी लागतील. गणना वस्तीने करायची आणि सरकारने ती पडताळायची. घर आधी दाखवायचं, हवेच्या आणि पाण्याच्या तपासणीच्या अहवालासकट. आणि नाकारणाऱ्याला दुसरा पर्याय देईपर्यंत त्याचं छप्पर हलवायचं नाही. तिसरी अट मान्य केली की कामं रखडतील, असं अधिकारी सांगतात. माहुलची घरं बांधून इतकी वर्षं झाली आणि त्यातली हजारो आजही रिकामी आहेत.